न लिहिलेली साठ वर्षे

काही वर्षांपूर्वी काचीगुड्यातील आमच्या वाचकगटाने रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी पुन्हा एकदा वाचायला घेतली होती. १९६२ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घरांत आहे, आणि निजामाच्या राज्यात वाढलेल्या पिढीला राक्षसभुवनच्या लढाईचे वर्णन वाचताना जरा वेगळेच वाटते. चर्चा उत्तम रंगली. शेवटी एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, “रमाबाईंच्या पोटी एखादे मूल असते, तर मराठ्यांचा इतिहास निराळा झाला असता.” सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी परतताना बडी चावडीच्या वळणावर एकदम मनात आले, की निपुत्रिक तर माधवराव आणि रमाबाई दोघेही होते. १७७२ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला राजयक्ष्म्याने देह ठेवणारा माणूस त्याआधी दीर्घकाळ खंगत होता. तरीही ते वाक्य रमाबाईंच्या पोटाविषयीच का उच्चारले गेले, आणि मान डोलावताना मलाही ते का खटकले नाही?

कादंबरी मिटल्यावर आपल्या स्मरणात राहतो तो तरुण पेशव्याचा आजार, थेऊरचा गजानन आणि सती जाणारी रमा. मूल नसण्याचे दुःख त्या दोन मोठ्या घटनांच्या मधल्या फटीत हरवून जाते. आजाराला मृत्यू मिळाला, पत्नीला सतीत्व मिळाले. अपत्यहीनतेला मात्र स्वतःचा असा एकही प्रसंग आपल्या आठवणीत मिळाला नाही. या लेखात मांडावयाचे आहे ते एवढेच : आपल्या साहित्याला मूल नसण्याचा शेवट ठाऊक आहे आणि आजाराचाही शेवट ठाऊक आहे, परंतु या दोहोंच्या मधला, वर्षानुवर्षे चालणारा, नाव नसलेला काळ कसा लिहावा, हे त्याला अद्याप पुरते उमगलेले नाही.

हा प्रश्न मला केवळ पुस्तकी वाटत नाही, याचे कारण प्रारंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. लग्नानंतर चौथ्या वर्षी आम्ही उभयता मूल होत नाही म्हणून तपासण्या करून घेऊ लागलो. त्याच सुमारास माझी बोटे सकाळी आखडू लागली, उन्हात गेले की गालांवर लाली चढू लागली आणि दुपारपर्यंत अंगातले त्राण संपू लागले. रक्ताच्या एका चाचणीचा निकाल सकारात्मक आला आणि डॉक्टरांनी स्वयंप्रतिकार विकाराचा, म्हणजे ज्याला ऑटोइम्यून आजार म्हणतात त्याचा, संशय व्यक्त केला. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा शरीराच्याच पेशींना परके मानू लागते, असे या विकारांचे साधारण स्वरूप असते. यांतील बहुतेक आजार स्त्रियांत पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. निदान मात्र झाले नाही. ‘संशय’ हाच शब्द पुढे कित्येक वर्षे माझ्या कागदांवर राहिला.

ज्यांच्या घरात हे घडलेले नाही त्यांना यातील खरी अडचण लगेच ध्यानात यायची नाही, म्हणून ती थोडी उलगडून सांगते. ज्या एएनए चाचणीने संशयाला सुरुवात होते, ती पूर्णपणे निरोगी अशा काही माणसांतही सकारात्मक येते. केवळ तिच्यावरून आजार ठरत नाही. गर्भ वारंवार पडण्याशी ज्यांचा संबंध असतो, त्या अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची चाचणी एकदा सकारात्मक आली तरी निदान १२ आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते, तेव्हाच तिला अर्थ प्राप्त होतो. ल्युपससारख्या आजारात गर्भ राहण्याची क्षमता बहुधा टिकून असते. परंतु आजार निदान सहा महिने शांत राहिल्यावरच गर्भधारणेचा विचार करावा, असा सल्ला दिला जातो. मेथोट्रेक्सेटसारखे औषध आधी काही काळ बंद करावे लागते, तर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन गरोदरपणातही चालू ठेवतात. म्हणजे सांध्यांचे डॉक्टर सांगतात, थांबा. इकडे वंध्यत्वावर उपचार करणारे डॉक्टर वयाकडे बोट दाखवून सांगतात, थांबू नका. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. एकाच देहात दोन घड्याळे चालू असतात आणि त्यांच्या वेळा जुळत नाहीत. या दोन घड्याळांच्या मध्ये बसलेल्या बाईने वाचावे असे मराठीत काय आहे, या शोधातून प्रस्तुत लेखाचा जन्म झाला.

आमच्या घरी पहिला ग्रंथ अर्थातच गुरुचरित्र. गाणगापूर हे आज कर्नाटकात असले तरी जुन्या हैदराबाद संस्थानातले आपले क्षेत्र. वाडीवरून गाणगापूर रोड स्टेशन गाठायचे आणि तेथून भीमा-अमरजेच्या संगमावर जायचे, ही वाट आपल्यापैकी अनेक घरांच्या पायाखालची आहे. आमच्याकडे सप्ताह मामंजी करीत, कारण स्त्रियांनी या ग्रंथाचे पारायण करू नये असा दंडक आमच्या घरात पाळला जाई. सासूबाई आणि मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकत असू. एकोणचाळिसाव्या अध्यायात साठ वर्षांच्या वंध्येची कथा येते. सोमनाथ नावाच्या ब्राह्मणाची ही पत्नी, नाव गंगा. मूल व्हावे म्हणून अश्वत्थाची सेवा करता करता तिचा जन्म गेला. आता निदान पुढच्या जन्मी तरी पदरात काही पडावे, असे ती श्रीगुरूंना सांगते. गुरू तिला याच जन्मी कन्या आणि पुत्र होतील असा वर देतात, अश्वत्थाची निंदा करू नकोस म्हणून बजावतात, त्या वृक्षाचे माहात्म्य सांगतात. आणि पुढे वर खरा ठरतो.

श्रद्धेने ऐकणाऱ्याला या कथेने किती धीर दिला असेल, हे मी नाकारत नाही. त्या खोलीत बसून मीही तो घेतला आहे. परंतु वाङ्मय म्हणून या कथेकडे पाहिले, तर सरस्वती गंगाधरांची रचना फार बोलकी आहे. गंगेच्या स्वतःच्या आयुष्याला जेमतेम तिचे गाऱ्हाणे मांडण्यापुरती जागा मिळते. अश्वत्थाचे माहात्म्य, पूजेचा विधी आणि वराची पूर्तता यांना त्या मानाने विस्तार आहे. गाऱ्हाणे मांडताच तिला समजही मिळते. कथेचे लक्ष फळाकडे आहे. फळ येईपर्यंतचा काळ हा केवळ फळाची थोरवी वाढवण्यापुरता. साठ हा आकडा मोठा, म्हणून चमत्कार मोठा.

पुढे एकदा आम्ही दोघी गाणगापूरला गेलो असता संगमावरच्या पायऱ्यांवर बसून सासूबाई आपल्याशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, “साठ वर्षांपर्यंत ती बाई रोज सकाळी उठून काय करत होती, ते कुणी लिहिलंच नाही बघ.” त्यांचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण मी वाचलेल्या कोणत्याही समीक्षेपेक्षा हे एक वाक्य मला अधिक उपयोगी पडले आहे.

याच ग्रंथात नंदी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. त्याच्या अंगावर श्वेतकुष्ठ, म्हणजे कोड. तुळजापूरच्या भवानीची दीर्घ सेवा करूनही गुण येत नाही आणि अखेर त्याला गाणगापूरला जाण्याची आज्ञा होते. संगमस्नानाने आणि अश्वत्थप्रदक्षिणेने अंग निर्मळ होते, पण मांडीवर थोडा डाग राहतो. का राहिला, तर येताना त्याच्या मनात संशय होता म्हणून. मग श्रीगुरू त्याला स्तुतिपर कविता करावयास सांगतात, अक्षरशत्रू असलेल्या त्या ब्राह्मणाला वाणी फुटते आणि उरलेला डागही जातो. कोडाची बहुतेक रूपे आजचे वैद्यकशास्त्र स्वयंप्रतिकार विकारांतच गणते, हे लक्षात घेतले तर या दोन कथा, एकाच अश्वत्थाखालच्या, आपल्या विषयाच्या फार जवळ येतात.

येथे ‘संशय’ या शब्दाकडे थोडे थांबून पाहावेसे वाटते. नंदीच्या कथेत संशय हा रोग्याचा दोष आहे. डाग उरला याची जबाबदारी त्याच्यावरच येते. आजच्या दवाखान्यात संशय डॉक्टरांचा असतो आणि तो प्रामाणिकही असतो, कारण विज्ञान जेथवर पोचले तेथवरच ते बोलते. पण घरी आल्यावर त्या संशयाची मालकी पुन्हा रोग्याकडे येते. “रिपोर्टात काही निघत नाही म्हणजे मनाचंच असेल,” “ताण घेऊ नकोस, आपोआप राहील,” “तुझा विश्वासच नाही, म्हणून गुण येत नाही,” ही वाक्ये ज्यांनी ऐकली आहेत त्यांना नंदीच्या मांडीवरचा डाग परिचित वाटेल. नाव नसलेला आजार आणि न होणारे मूल यांच्यात हे एक नाते आहे. दोन्हींत बाहेरून दिसत काहीच नाही, आणि जे दिसत नाही त्याचे कारण लोक बाईच्या स्वभावात शोधतात.

आता भाषेकडे वळू. ‘वांझ’ हा शब्द आपण जमिनीला लावतो, गाईला लावतो, झाडाला लावतो आणि बाईला लावतो. पुरुषासाठी त्याच अर्थाचा रोजच्या वापरातला शब्द शोधू लागलो की ‘नपुंसक’ हा शब्द पुढे येतो. त्याचा अर्थ वेगळा; संभोगाची असमर्थता आणि बीजाची असमर्थता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि या गोंधळामुळेच कित्येक घरांत पुरुषाची तपासणी सर्वांत शेवटी होते. वास्तविक आपल्याच शहरातील सीसीएमबी या संस्थेत पुरुषांच्या वंध्यत्वामागील जनुकीय कारणांवर अनेक वर्षे संशोधन झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या अंदाजानुसार दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा वंध्यत्वाचा अनुभव येतो. शब्दकोशाला मात्र अजून तीच एक बाई ठाऊक आहे.

या बाईला आपल्या विचारपरंपरेने काय काम दिले, तेही पाहण्यासारखे आहे. वेदान्तात सर्वस्वी असत् अशा वस्तूचे उदाहरण म्हणून ‘वंध्यापुत्र’ येतो. आकाशाचे फूल, सशाचे शिंग आणि वांझेचा मुलगा. तर्काच्या दृष्टीने उदाहरण बिनतोड. पण फूल आणि शिंग यांच्या पंक्तीला बसवलेल्या त्या तिसऱ्या उदाहरणात एक जिवंत बाई आहे, याची आठवण कोणत्या टीकाकाराने ठेवली? तुकोबांच्या एका अभंगात फडकी पोटाशी बांधून गर्भारपणाचे सोंग करणारी वांझ येते. तेथे रोख दांभिकतेवर आहे, बाईवर नाही, हे मान्य. तुकोबांची करुणा किती मोठी होती, हे मी आपल्याला सांगावे असे नाही. तरीही दाखला समजावा म्हणून ज्या बाईची आठवण झाली, तिने ते सोंग का केले असेल, हा प्रश्न अभंगाच्या कक्षेबाहेर राहतो. गर्भाचे सोंग करण्याइतकी पाळी एखाद्या बाईवर येते, तेव्हा दांभिक ती असते की तिच्याभोवतीचे गाव?

आणि आपण साहित्यिक मंडळी तरी काय करतो? एखादा परिसंवाद निष्फळ झाला की ‘वांझोटी चर्चा’ म्हणतो. पुस्तक निघाले की ते ‘अपत्य’ होते, प्रकाशनाला ‘बारसे’ म्हणतो, उशीर झाला तर ‘प्रसववेदना’ आठवतात. मी स्वतः या पत्रिकेतील एका परीक्षणात असे लिहिलेले आहे. पुढे ते वाचताना माझी मलाच लाज वाटली. प्रतिमा वापरू नयेत असे माझे म्हणणे नाही. परंतु भाषेत निर्मितीची एकमेव खूण बाळंतपण हीच असेल, तर जिला मूल नाही तिच्या वाट्याला त्या भाषेत कोणते स्थान उरते, एवढा विचार लेखकाने करावा.

आधुनिक नाटकाने हा प्रश्न अधिक धीटपणे हाताळला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातील लीला बेणारेवर आपण पुष्कळ लिहिले. मिसेस काशीकरांवर फारसे लिहिले नाही. काशीकर दांपत्याला मूल नाही. बाळू रोकडे या पोराला त्यांनी आश्रय दिला आहे आणि तो त्यांच्या धाकात राबतो. नाटकातला अभिरूप खटला भ्रूणहत्येचा. न्यायासनावर बसतात ते निपुत्रिक काशीकर. आणि अविवाहित, गर्भवती बेणारेच्या विरोधात उत्साहाने बोलतात त्या मिसेस काशीकर. नवरा त्यांना चारचौघांत वारंवार गप्प बसवतो, आणि बोलायची मुभा मिळते ती दुसऱ्या एका बाईला दोषी ठरवण्यासाठी. त्याहून टोचणारी गोष्ट अशी, की पहिल्या अंकात काशीकरांच्या रिकाम्या घराची थट्टा स्वतः बेणारेच करते. पुढे ज्या समाजाने आपल्याला फाडून खावे, त्याचेच हत्यार ती गमतीत वापरते. मातृत्व अनधिकृत म्हणून एकीला शिक्षा, मातृत्व नाही म्हणून दुसरीची टिंगल. आणि त्या दोघी एकमेकींच्या विरोधात उभ्या. तेंडुलकरांनी हे पाहिले, यात त्यांचे मोठेपण आहे. मात्र मिसेस काशीकर एकट्या असताना काय विचार करतात, हे त्या नाटकाला विचारायचे नव्हते.

स्पॅनिश नाटककार लॉर्का याचे ‘येर्मा’ हे १९३४ चे नाटक आरती हवालदार यांनी ‘चांगुणा’ या नावाने मराठीत आणले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी ती भूमिका गाजवली. ‘येर्मा’ या नावातच ओसाड जमिनीचा अर्थ आहे. मूळ नाटकात दोष नक्की कोणात, हे कधीच स्पष्ट होत नाही, आणि हा अनिश्चितपणा हीच मला त्याची सर्वांत खरी बाजू वाटते. नवऱ्याला मुलाची ओढ नाही असे कळते तेव्हा येर्मा त्याचा गळा आवळते आणि त्याबरोबर आपल्या संभाव्य मुलालाही मारते. शोकात्मिका म्हणून हा शेवट थोर आहे. परंतु ज्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दूध तापवायचे असते, त्यांच्या उपयोगाचा तो नाही. अमोल पालेकर यांच्या ‘अनाहत’ (२००३) या चित्रपटात उणीव राजाकडे आहे आणि नियोगाच्या रात्रीतून राणीला स्वतःच्या इच्छेचा शोध लागतो. प्रश्न बाईच्या कुशीवरून हलवल्याबद्दल या कलाकृतीचे मोल मोठे. पण तेथेही एका रात्रीत सारे पालटते. वर, खून, एक रात्र : आपल्या कथानकांना एखादी घटना हवी असते. मूल नसणे ही मुळात घटनाच नव्हे. जे घडत नाही, ते घडत नाही. आणि दर महिन्याला घडत नाही.

हे लिहिता येते, याचे दोन पुरावे मला परभाषेत सापडले. हिलरी मँटेल या इंग्रज कादंबरीकर्तीचे ‘गिव्हिंग अप द घोस्ट’ हे आत्मकथन २००३ साली आले. तिचा आजार एंडोमेट्रिओसिस, म्हणजे आपल्या विषयाच्या शेजारचा. पण वाट तीच. तरुण वयात सुरू झालेल्या वेदना डॉक्टरांनी मनाच्या मानल्या आणि मनोविकारावरची औषधे दिली. पुढे बोट्स्वानात राहत असताना वैद्यकाचे पुस्तक वाचून तिने आपल्या आजाराचे नाव स्वतःच शोधले. २७ व्या वर्षी शस्त्रक्रियेत गर्भाशय गेले आणि मूल होण्याची शक्यताही गेली. त्या पुस्तकात न झालेल्या मुलीला नाव आहे, कॅट्रिओना. वंध्यापुत्र असत् असेल, पण जी आलीच नाही तिच्यासाठी मनात राखलेली जागा असत् नसते, हे मँटेल कसलाही गळा न काढता सांगते.

दुसरे पुस्तक मेगन ओ’रूर्क या अमेरिकन कवयित्रीचे ‘द इनव्हिजिबल किंगडम’ (२०२२). हे तर नेमके आपल्याच विषयाचे. निदान न होणारा आजार, त्यात स्वयंप्रतिकार विकाराचा संशय, आणि त्याच वर्षांत मूल व्हावे ही आस. नाव नसलेल्या आजाराची गोष्ट सुरुवात, मध्य आणि शेवट या साच्यात बसत नाही, म्हणून तिने पुस्तकाची घडणच फिरती ठेवली : थोडे बरे वाटते, पुन्हा कोसळते, एक डॉक्टर, दुसरा डॉक्टर, पुन्हा पहिलाच प्रश्न. पुनरुक्तीचा कंटाळा येतो अशी तक्रार कोणी करील. मला तो कंटाळाच प्रामाणिक वाटतो. लेखिकेला पुढे मुले झाली. याचा मला मनापासून आनंद आहे, आणि वाचक म्हणून किंचित एकटेही वाटले. अश्वत्थ तेथेही फळला. मँटेलच्या पुस्तकात तो फळत नाही, म्हणून कदाचित माझ्या उशाशी ते अधिक काळ राहिले.

येथवर वाचलेल्या वाचकाच्या मनात एक प्रश्न आला असेल : लेखिकेचे पुढे काय झाले? सांगते. आम्हांला मूल झाले नाही. आजाराला एक अर्धे नाव मिळाले, अनडिफरन्शिएटेड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज. म्हणजे संयोजी ऊतींचा असा विकार, जो कोणत्याही ठरलेल्या वर्गात बसत नाही. अशा रोग्यांपैकी पुष्कळजण वर्षानुवर्षे त्याच स्थितीत राहतात आणि मीही राहिले आहे. औषध चालू आहे. ऊन टाळते. बोटे हिवाळ्यात दुखतात. या चार वाक्यांत उत्सुकता शमली असेल, तर मला म्हणायचे आहे ते हेच, की शेवट सांगायला चार वाक्ये पुरतात. त्याआधीची अकरा वर्षे सांगायला मराठीत मला साचा सापडला नाही.

आपल्यासारख्या स्थलांतरित घरांत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो आपण आपसांतही बोलत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथेच राहिलो. तेव्हापासून घरातली मराठी टिकवणे हे प्रत्येक कुटुंबाने न सांगता उचललेले व्रत आहे. म्हणून आपल्याकडे मूल नसणे म्हणजे केवळ वंश संपणे नव्हे, तर एका घरातली मराठी संपणे, असा हिशेब होतो. हळदीकुंकवाला माझी ओटी भरताना ज्या बायका क्षणभर थबकल्या, त्यांच्यावर माझा राग नाही; त्या थबकण्यात मला हाही हिशेब दिसे. पुढे लोक प्रेमाने म्हणू लागले, “तुमची पुस्तकं हीच तुमची मुलं.” नंदीला डागाच्या बदल्यात कविता मिळाली, तसेच हे. सांत्वन म्हणून मी ते स्वीकारते. समीक्षक म्हणून स्वीकारू शकत नाही. पुस्तक हे पुस्तक असते. ते रात्री तापाने फणफणत नाही, आणि म्हातारपणी पाण्याचा तांब्याही देत नाही. त्याला अपत्य म्हणण्याने पुस्तकाचाही मान वाढत नाही आणि न झालेल्या मुलाचाही.

मग साहित्याकडे मागणे काय? उपदेश नको, जिद्दीची कहाणी नको, दत्तक घेऊन सुखी झाल्याचा ठरीव शेवटही नको; कोणी तसे जगले असेल तर ते त्यांचे सत्य. मागणे साधे आहे. चाचणी पुन्हा करण्यापूर्वीचे ते १२ आठवडे कोणीतरी लिहावेत. दवाखान्यातून काचीगुड्यापर्यंतच्या रिक्षात नवराबायको एकमेकांशी काय बोलत नाहीत, ते लिहावे. नवऱ्याचे मौनही लिहावे, कारण या विषयावर त्याला तर शिव्याशापाइतकीही भाषा आपण दिलेली नाही. जावेच्या डोहाळजेवणाला खरोखर हसत वाढणारी आणि भांडी घासताना खरोखर रडणारी एकच बाई लिहावी, आणि तिला दांभिक म्हणू नये.

सासूबाई आता नाहीत. त्यांची गुरुचरित्राची पोथी माझ्याकडे आहे आणि मामंजींच्या मागे ती मीच वाचते. दंडक मोडला असेल तर मोडला. एकोणचाळिसावा अध्याय आला की गंगेचे गाऱ्हाणे संपते तेथे मी थोडी थांबते, वराच्या ओव्यांकडे लगेच जात नाही. आपल्या घरांतून हा अध्याय पुढेही वाचला जाईल, वाचला जावा. वाचणाऱ्याने त्या ठिकाणी क्षणभर थांबावे आणि साठ वर्षांपर्यंत ती बाई रोज सकाळी उठून काय करत होती, हे स्वतःला एकदा विचारून पाहावे. आपल्यातल्या एखाद्या लिहित्या हाताला त्याचे उत्तर सुचले, तर ते वाचायला मी उत्सुक आहे.